डोळे घडवणाऱ्याने अर्ज कुठे करावा?

देवनहळ्ळीच्या बाजारपेठेत विट्याकडच्या एका गलाई व्यावसायिकाचे दुकान आहे. खानापूर-आटपाडी भागातली ही मंडळी सोने-चांदी गाळण्याचे काम करीत देशभर पसरली आहेत, हे परप्रांतात राहणाऱ्या मराठी माणसाला सांगायला नको. निवृत्तीनंतर मी मुलाकडे इथे राहू लागलो तेव्हापासून ह्या कुटुंबाशी माझा घरोबा आहे. त्यांचा थोरला मुलगा बेंगळुरूच्या एका डेंटल लॅबमध्ये कवळ्या बनवतो. धाकटी मुलगी दीड वर्षाची असताना तिचा एक डोळा रेटिनोब्लास्टोमा ह्या दृष्टिपटलाच्या कर्करोगामुळे काढावा लागला. जीव वाचला, दुसरा डोळाही वाचला. त्या उपचाराबद्दल कृतज्ञताच आहे.

पुढची कथा मात्र वेगळी आहे. एका रुग्णालयात डब्यातले तयार डोळे समोर ठेवून त्यातल्या त्यात जुळणारा एक तिला बसवून देण्यात आला. बुबुळाचा रंग थोडा उजळ, नजर एकाच दिशेला रोखलेली. मागे पोकळी राहिल्याने पाणी साचे, चिकटा येई. शाळेत फोटो काढायचा दिवस आला की तिच्या पोटात दुखू लागे. काही वर्षांनी दुसऱ्या शहरातल्या एका अनुभवी ऑक्युलरिस्टने, म्हणजे कृत्रिम डोळे घडवणाऱ्या कारागिराने, तिच्या खोबणीचा साचा घेतला आणि तिला समोर बसवून दुसऱ्या डोळ्याकडे पाहत नवा डोळा रंगवला. मुलगी आता फोटोला उभी राहते.

तिचा भाऊ हे सारे शेजारी बसून पाहत होता. परत आल्यावर त्याने मला विचारले, "काका, हे अ‍ॅक्रिलिक मी रोजच हाताळतो. हे काम शिकायचं असेल तर अर्ज कुठं करायचा?"

अर्ज कुठे करायचा, हे लोकांना सांगण्यात माझी सारी नोकरी गेली. ह्या प्रश्नाचे उत्तर मात्र मला देता आले नाही. शोधल्यावर लक्षात आले की दोष माझ्या माहितीचा नव्हता. उत्तर शासनाकडेच नाही.

आधी हे काम काय आहे ते पाहू. कृत्रिम डोळा म्हणजे काचेची गोटी, असा पुष्कळांचा समज असतो. प्रत्यक्षात ती एक पातळ, वाटीसारखी कवची असते. दंतवैद्याकडे जबड्याचे माप घेताना वापरतात तशाच अल्जिनेटने खोबणीचे माप घेतात. त्यावरून मेणाचा नमुना करून तो पापणीखाली बसवून पाहतात. पापणी किती उघडते, किती मिटते, नजर सरळ दिसते कां, हे पाहून मेण घासले किंवा वाढवले जाते. मग जिप्समच्या साच्यात पांढऱ्या अ‍ॅक्रिलिकचे बुबुळाभोवतीचे अंग तयार होते. सुमारे साडेअकरा-बारा मिलिमीटरच्या वर्तुळात बुबुळ रंगवायचे, त्यातली बाहुली नेहमीच्या उजेडात जेवढी असते तेवढी ठेवायची, रक्तवाहिन्यांसाठी बारीक लाल तंतू पसरायचे, वर पारदर्शक थर चढवायचा आणि शेवटी आरशासारखी झिलई द्यायची. ओरखडा राहिला तर पापणी आतून सोलवटते.

मुलांच्या बाबतीत तर हा नुसत्या दिसण्याचा प्रश्न नसतो. जन्मतः सुमारे सतरा मिलिमीटरचे नेत्रगोलक मोठेपणी चोवीसपर्यंत वाढते, आणि त्याच्या आधाराने खोबणीचे हाड व पापण्या वाढतात. खोबणी रिकामी राहिली किंवा लहान कवचीवर वर्षे काढली तर चेहऱ्याची ती बाजू मागे पडते. म्हणून मुलाचा डोळा वेळोवेळी वाढवावा लागतो. भारतात रेटिनोब्लास्टोमाचे दरवर्षी अंदाजे दीड हजार नवे रुग्ण आढळतात. त्यात विटीदांडू, फटाके, उसाचे पाते, काटा, कारखान्यातली ठिणगी आणि चिघळलेली फुले ह्यांनी डोळा गमावणाऱ्यांची भर घाला.

थोडक्यात, हे शरीरशास्त्र, रसायन आणि चित्रकला ह्यांचे मिश्रण आहे, आणि ते हाताने शिकावे लागते. असे काम शिकवण्याची, तपासण्याची आणि प्रमाणित करण्याची आपली सरकारी व्यवस्था काय?

१९९२ चा भारतीय पुनर्वास परिषद कायदा उघडला. पुनर्वसन क्षेत्रातल्या व्यावसायिकांची नोंदणी करण्यासाठीच तो झाला. त्याच्या व्याख्येत श्रवणतज्ज्ञ आहेत, मानसशास्त्रज्ञ आहेत, विशेष शिक्षक आहेत. श्रवणयंत्र आणि कानाचा साचा बनवणारा तंत्रज्ञसुद्धा नाव घेऊन नमूद आहे. कानाच्या साच्याची आठवण ठेवणाऱ्या कायद्याला डोळ्याचा साचा आठवला नाही. मग २०२१ चा संलग्न व आरोग्यसेवा व्यावसायिकांचा राष्ट्रीय आयोग कायदा पाहिला. त्याच्या परिशिष्टात नेत्रविज्ञानाचा स्वतंत्र वर्ग आहे. त्यात ऑप्टोमेट्रिस्ट, नेत्रसहाय्यक आणि व्हिजन टेक्निशियन आहेत. ऑक्युलरिस्ट नाही.

गंमत म्हणजे जकातीच्या दरपत्रकाला हा विषय ठाऊक आहे. शीर्षक ७०१८ मध्ये काचेच्या मण्यांच्या पंगतीला बाहुल्यांचे वगैरे काचेचे डोळे बसवले आहेत, आणि 'माणसाला बसवायचे डोळे सोडून' अशी काळजीपूर्वक अट घातली आहे. माणसाचे डोळे ९०२१ खाली, कृत्रिम अवयवांत जातात. कर घेताना शासनाला बाहुलीच्या डोळ्यातला आणि माणसाच्या डोळ्यातला फरक कळतो. तो बनवणाऱ्याची पात्रता ठरवताना कळत नाही.

म्हणजे देशात हे काम होतच नाही असे नव्हे. हैदराबादच्या एल. व्ही. प्रसाद नेत्रसंस्थेसारख्या मोठ्या संस्थांत कृत्रिम डोळ्यांचे विभाग आहेत. दंतवैद्यकातल्या प्रोस्थोडॉन्टिक्सचे पदव्युत्तर विद्यार्थीही जबडा व चेहऱ्याच्या कृत्रिम अवयवांत डोळा करायला शिकतात. ह्याचे कारण इतिहासात आहे. जर्मनीतल्या थुरिंगियाच्या लाउशा गावी १८३५ पासून काचेचे डोळे घडत आणि जगभर जात. दुसऱ्या महायुद्धात तो पुरवठा तुटला, तेव्हा अमेरिकी सैन्याच्या दंतविभागाने कवळीच्या अ‍ॅक्रिलिकपासून डोळा बनवला. म्हणजे आमच्या गलाईवाल्यांच्या मुलाने जे सहज ओळखले, तोच ह्या विद्येचा आधुनिक उगम आहे. तरीही डेंटल लॅबच्या तंत्रज्ञाला पुढची पायरी नाही. कुठल्या चांगल्या संस्थेत कुणी शिकवले तर शिकायचे, तिने दाखला दिला तर घ्यायचा. तो दाखला दुसऱ्या राज्यात कुणी मानावा असे बंधन नाही, आणि दाखल्याशिवाय दुकान थाटणाऱ्याला अडवणारेही कुणी नाही.

इतरत्र काय आहे? अमेरिकेत ऑक्युलरिस्टांची संघटना १९५७ साली स्थापन झाली. तिथे पाच वर्षे, म्हणजे दहा हजार तास, मान्यताप्राप्त कारागिराच्या हाताखाली काम आणि जोडीला अभ्यासक्रम पुरा करावा लागतो. प्रमाणपत्रासाठी स्वतंत्र मंडळाची परीक्षा असते. वॉशिंग्टन राज्यात तर कायद्यानेच परवाना लागतो. आपल्या २०२१ च्या कायद्यात संलग्न आरोग्य व्यावसायिकाच्या पदविकेसाठी किमान दोन हजार तास सांगितले आहेत. ह्या दोन आकड्यांतले अंतर सांगते की हे काम वर्गातल्या बाकावर पुरे होणारे नाही.

हा विषय मी काही परिचित अधिकाऱ्यांशी बोललो. चार आक्षेप आले.

पहिला, संख्या थोडी आहे. पण संख्या थोडी दिसते, कारण आपण ती मोजतच नाही. १९७६ पासून चालू असलेला अंधत्व नियंत्रणाचा राष्ट्रीय कार्यक्रम अंधत्व मोजतो ते चांगल्या डोळ्यावरून. एक डोळा शाबूत असलेला माणूस त्या हिशेबात अंध नाही, आणि ते बरोबरही आहे. अपंगत्वाच्या मोजणीत त्याला तीस टक्के मिळतात, तर लाभांचा उंबरठा चाळीस टक्क्यांचा. १९८१ पासूनच्या 'एडिप' ह्या साहाय्यक उपकरणांच्या योजनेलाही चाळीस टक्क्यांचा दाखला लागतो. ज्याला कृत्रिम डोळा हवा, तो बहुधा ह्या उंबरठ्याच्या बाहेरच उभा असतो. आधी मोजायचे नाही आणि मग संख्या नाही म्हणायचे, हा प्रशासनाचा जुना रिवाज आहे.

दुसरा आक्षेप, हा दिसण्याचा प्रश्न आहे, दृष्टीचा नव्हे. वाढत्या मुलाच्या हाडांबद्दल वर लिहिलेच आहे. पण समजा निव्वळ दिसण्याचाच प्रश्न असता तरी काय? आपल्याकडे डोळ्यांचा नवस फेडताना देवीला चांदीचे डोळे वाहतात. ते घडवणाऱ्या सोनाराचा हात आपण पारखून घेतो. चेहरा घेऊन नोकरीच्या मुलाखतीला आणि लग्नाच्या बोलणीला जाणाऱ्या मुलीबाबत मात्र 'चालून जाईल' म्हणायचे?

तिसरा, डॉक्टर आणि ऑप्टोमेट्रिस्ट आहेतच. शल्यचिकित्सक डोळा काढतो आणि खोबणी नीट तयार करतो. त्याचे कौशल्य तिथे आहे. हाडांचा डॉक्टर पाय कापतो म्हणून जयपूर फूट तोच बनवत नाही. तो पाय घडवण्यात डॉ. प्रमोद करण सेठींइतकाच रामचंद्र शर्मा ह्या कारागिराचा हात होता, आणि शर्मांचे औपचारिक शिक्षण नावापुरतेच होते.

शर्मांचे नाव घेतले की चौथा आक्षेप येतो, आणि तो सर्वांत वजनदार आहे. परीक्षा-परवान्याची भानगड आणली तर असे शर्माच बाहेर फेकले जातील. पदवीधारकांची मक्तेदारी होईल, एक कौन्सिल येईल, एक रजिस्ट्रार येईल, खासगी महाविद्यालये देणग्या घेऊन पदव्या छापतील. ही भीती मी खोटी म्हणणार नाही. माझ्या नोकरीत मी हे होताना पाहिले आहे. पण पात्रता म्हणजे पदवीच, हे कुणी ठरवले?

ह्याचे उत्तर देवनहळ्ळीतच आहे. २००८ च्या मे महिन्यात इथे बेंगळुरूचा नवा विमानतळ सुरू झाला. ह्या गावावरून उडणाऱ्या प्रत्येक विमानाच्या दुरुस्तीवर जो माणूस सही करतो, त्याला नागरी विमान वाहतूक महासंचालनालयाचा परवाना लागतो. तो मिळतो विषयवार परीक्षा आणि प्रत्यक्ष देखभालीच्या कामाची वर्षे ह्यांच्या जोरावर. केलेल्या कामाची नोंद ठेवावी लागते. त्यासाठी विद्यापीठाची पदवी अनिवार्य नाही. म्हणजे हाताचे कौशल्य शिकवणे, मोजणे आणि त्यावर शिक्का मारणे शासनाला उत्तम जमते. जिथे चूक झाली तर विमान पडेल, तिथे ते जमवले जाते. जिथे चूक झाली तर एक मूल मान खाली घालून मोठे होईल, तिथे ते सुचत नाही.

म्हणून माझ्या सूचना अशा आहेत.

१. २०२१ च्या कायद्याच्या परिशिष्टात भर घालण्याचा अधिकार केंद्र सरकारला आहे. नेत्रविज्ञानाच्या वर्गात ऑक्युलरिस्टचा नावानिशी समावेश करावा. नवे कौन्सिल नको.

२. पात्रतेचा कणा उमेदवारी हाच असावा. अनुभवी कारागिराच्या हाताखाली ठराविक तास, विद्यावेतन आणि प्रत्येक केलेल्या डोळ्याची नोंदवही. बारावी झालेला, डेंटल तंत्रज्ञ, ऑप्टोमेट्रिस्ट, चित्रकलेचा पदविकाधारक, सर्वांना प्रवेश खुला असावा आणि आधीच्या कौशल्याची सूट मिळावी.

३. अंतिम परीक्षा कागदावर नव्हे, माणसावर व्हावी. परीक्षकांत एक शल्यचिकित्सक, एक ज्येष्ठ ऑक्युलरिस्ट आणि स्वतः कृत्रिम डोळा वापरणारी एक व्यक्ती असावी.

४. आज हे काम करणाऱ्यांना ठराविक मुदतीत हीच परीक्षा द्यावी लागावी. जुने म्हणून आपोआप माफी नको, आणि पदवी नाही म्हणून हकालपट्टीही नको.

५. बेंगळुरूच्या मिंटोसारख्या प्रत्येक प्रादेशिक नेत्रसंस्थेत ऑक्युलरिस्टचे एक मंजूर पद आणि एक कार्यशाळा असावी. पद असले की शिकणारा येतो. पद नसेल तर नुसता अभ्यासक्रम काढून काय होणार?

६. कृत्रिम डोळ्यापुरती 'एडिप'ची चाळीस टक्क्यांची अट शिथिल करावी.

ह्यातल्या एकाही सूचनेला मोठे अंदाजपत्रक लागत नाही. लागते ते फाईल हलवणारे एखादे टेबल. सध्या हा विषय आरोग्याचा की सामाजिक न्यायाचा की कौशल्यविकासाचा, हेच ठरलेले नाही, आणि तीन खात्यांचा विषय कुणाचाच नसतो.

गलाईचे काम ह्या मुलाच्या वडिलांनी चुलत्याच्या भट्टीशेजारी बसून शिकले. त्यांच्याकडेही दाखला नाही. पण त्यांनी गाळलेल्या सोन्याचा कस लावता येतो. खोटे निघाले तर गिऱ्हाईक दुसऱ्या दिवशी दारात उभे राहते. डब्यातला डोळा बसलेली पाच वर्षांची मुलगी कुणाच्या दारात उभी राहणार? बाजार आपोआप बघून घेईल म्हणणाऱ्यांनी ह्याचे उत्तर द्यावे.

मुलगा अजून कवळ्या बनवतो. संध्याकाळी घरी बुबुळे रंगवण्याचा सराव करतो; त्याच्या वहीत बहिणीच्या डोळ्याची तीसेक चित्रे आहेत. परवा त्याने पुन्हा विचारले, "काका, काही कळलं कां?" मी म्हटले, "लिहितो आहे." अर्ज कुणाकडे करायचा तेच ठाऊक नसल्याने हा अर्ज मी इथे, वाचकांसमोर करतो आहे.