काट्याच्या पोटात काय आहे?



प्रदर्शने पाहण्याची आम्हा व्यापाऱ्यांना सवय असते. तेथे जाण्याचा हेतूही ठरलेला असतो. माल पाहावा, भाव विचारावा, एजन्सी मिळते का ते चाचपावे आणि चार कार्डे खिशात टाकून परतावे. वयाच्या ६८व्या वर्षी मात्र मी प्रथमच अशा एका प्रदर्शनात गेलो, जेथे विकण्यासाठी काहीही नव्हते. त्या दिवसाने मला जे शिकवले, ते आज आपल्यापुढे ठेवीत आहे.

परंतु त्याआधी एक कबुली देणे आवश्यक आहे. दोन वर्षांपूर्वी एका रविवारी दुपारी दुकान बंद असताना माझ्या नातीने, तेव्हा ती सहावीत होती, गल्ल्यावरचा इलेक्ट्रॉनिक काटा स्क्रू काढून उघडला. दुसऱ्या दिवशी आठवड्याचा बाजार होता. काट्यावर वजनमापे विभागाचे सील असते आणि ते तुटले की पुन्हा तपासणी करून मुद्रांकन करून घ्यावे लागते, हे त्या लेकराला ठाऊक नव्हते. मी फार रागावलो. "आपले काम घेण्याचे आणि विकण्याचे आहे, खोलण्याचे नाही," असे शब्द तोंडून गेले. हेच शब्द माझ्या लहानपणी मी माझ्या वडिलांकडून ऐकले होते. नात काही बोलली नाही. स्क्रूड्रायव्हर खणात ठेवून ती आत गेली. त्यानंतर तिने घरातली एकही वस्तू उघडली नाही. पोरीला समज आली, असे मला वाटले.

यंदा फेब्रुवारीत ती म्हणाली, "दादाजी, आमच्या शाळेचा गट खोडदच्या विज्ञान प्रदर्शनाला जाणार आहे. घरचे कोणीतरी बरोबर हवे." चिरंजीव वर्षअखेरीच्या हिशेबात गुंतलेले, म्हणून मी निघालो. काय तयार केले आहेस असे विचारले, तर "तेथे आल्यावर पाहा," एवढेच उत्तर मिळाले.

२८ फेब्रुवारी १९२८ रोजी सर चंद्रशेखर व्यंकट रामन यांनी आपला प्रकाशाविषयीचा शोध लावला. त्या स्मरणार्थ १९८७ पासून हा दिवस आपल्या देशात राष्ट्रीय विज्ञान दिन म्हणून पाळला जातो. पुणे जिल्ह्यात नारायणगावजवळच्या खोडद येथे महाकाय रेडिओ दुर्बीण आहे. विज्ञान दिनाच्या निमित्ताने तिचा परिसर सर्वांसाठी खुला होतो आणि शाळा-महाविद्यालयांतील मुले आपापले प्रयोग घेऊन तेथे येतात. नारायणगावच्या टोमॅटोच्या बाजारामुळे तो रस्ता माझ्या परिचयाचा होता. शेतांच्या पलीकडे दिसणाऱ्या त्या अजस्र ताटल्या मी कित्येकदा पाहिल्या होत्या. त्या कशासाठी आहेत, हे विचारण्याची गरज मात्र मला कधी भासली नव्हती.

तेथे माहिती देणाऱ्या तरुणाने सांगितले, की अशा ३० ताटल्या सुमारे २५ किलोमीटरच्या परिसरात विखुरलेल्या आहेत. प्रत्येकीचा व्यास ४५ मीटर. ग्रहताऱ्यांकडून आणि दूरच्या दीर्घिकांकडून येणाऱ्या रेडिओ लहरी त्या गोळा करतात. जवळून पाहिले तेव्हा लक्षात आले, की ही ताटली भरीव पत्र्याची नाहीच. ती पोलादी तारांच्या जाळीची आहे. लहरींची लांबी जाळीच्या भोकांपेक्षा कितीतरी मोठी असते, त्यामुळे लहरींना ही जाळी भरीव भिंतीसारखीच असते. वारा मात्र तिच्यातून आरपार निघून जातो. वाऱ्याचा भार कमी, म्हणून लोखंड कमी, म्हणून खर्चही कमी. हा आराखडा प्रा. गोविंद स्वरूप आणि त्यांच्या सहकाऱ्यांचा. काटकसर हा आपण व्यापाऱ्यांचाच गुण समजतो. ती शास्त्रज्ञाच्या हाती आली म्हणजे केवढे काम करते, हे तेथे समजले.

मग मुलांच्या मांडवात शिरलो. पहिल्याच टेबलावर एका मुलाने इंजेक्शनच्या दोन सिरिंज नळीने जोडून पाणी भरले होते. लहान सिरिंजचा दट्ट्या बोटाने दाबला, की मोठ्या सिरिंजवर ठेवलेली पुस्तकांची चळत वर उचलली जाई. सवयीप्रमाणे मी विचारले, "याची किंमत किती?" मुलगा गोंधळला. "आजोबा, हे विकायचे नाही. दाबून पाहा ना." मी दाबून पाहिले. मोठ्या दट्ट्याचे क्षेत्रफळ चौपट असल्यामुळे जोरही चौपट मिळतो, परंतु तो उचलला जातो मात्र एकचतुर्थांश अंतरच, असे त्याने समजावले. म्हणजे एका बाजूला जमा, तर दुसऱ्या बाजूला तेवढेच नावे. पास्कलचा हा नियम मला माझ्या खतावणीच्या भाषेत त्या क्षणी उमगला. त्यानंतर दिवसभर मी कोणालाही किंमत विचारली नाही. "हे कसे चालते?" एवढेच विचारीत गेलो.

पुढच्या टेबलावर दोन मुलींनी कागदी सूक्ष्मदर्शक ठेवला होता. फोल्डस्कोप नावाचा हा घडीचा सूक्ष्मदर्शक प्रा. मनू प्रकाश यांच्या चमूने अमेरिकेतील स्टॅनफर्ड विद्यापीठात तयार केला. त्याच्या सुट्या भागांचा खर्च एका डॉलरहूनही कमी होता. मुलींनी शेततळ्याचे पाणी सुती कापडाच्या चार पदरांतून गाळले होते. कापडावर अडकलेले आणि गाळून खाली आलेले, असे दोन्ही नमुने त्या दाखवीत होत्या. मी डोळा लावला. कापडावरच्या थेंबात वळवळणारे जीव स्पष्ट दिसले. लहानपणापासून पाणी गाळून पीत आलो. आईला गाळण्यातील जीवाणी जपून पुन्हा विहिरीत सोडताना पाहिले. जे इतकी वर्षे श्रद्धेने मानले, ते आज डोळ्यांनी पाहत होतो. भारावून मी म्हणालो, "पाहा, आपल्या पूर्वजांनी सांगितलेले खरे ठरले!" त्यावर ती मुलगी शांतपणे उत्तरली, "हो आजोबा. पण आता दुसरा नमुनाही पाहा. गाळलेल्या पाण्यातही काही राहतात. ते याहून लहान असतात. म्हणून पाणी उकळायचे."

बांगलादेशातील खेड्यांत झालेला एक अभ्यास २००३ साली प्रसिद्ध झाला. जुन्या साडीच्या अनेक पदरी घडीतून पाणी गाळणाऱ्या गावांत पटकीचे प्रमाण सुमारे ४८ टक्क्यांनी घटले, असे त्यात आढळले. कारण पटकीचे बरेचसे जंतू पाण्यातील सूक्ष्म जीवांना चिकटून असतात आणि ते जीव कापडात अडकतात. अर्थात, घट झाली ती ४८ टक्के, १०० टक्के नव्हे. आपल्या परंपरेचे कौतुक करताना मी पहिला नमुना पाहून थांबलो होतो. दुसराही पाहायला त्या लहान मुलीने लावले.

अखेर नातीच्या टेबलापाशी पोहोचलो आणि क्षणभर थबकलो. टेबलावर एक काटा होता. तो तिने आणि तिच्या दोन मैत्रिणींनी स्वतः बनविलेला होता. लाकडी फळी, वर स्टीलची ताटली, मध्ये बोटाएवढी ॲल्युमिनियमची पट्टी, काही वायरी आणि आकडे दाखविणारा लहानसा पडदा. माझ्याकडे न पाहता ती आलेल्या लोकांना समजावीत होती.

ती जे सांगत होती, ते मी आयुष्यभर काटा वापरूनही कधी जाणले नव्हते. त्या पट्टीला लोडसेल म्हणतात. वजन ठेवले की ती डोळ्यांना दिसणार नाही इतकी वाकते. तिच्यावर अतिशय पातळ धातूच्या नागमोडी रेघा चिकटविलेल्या असतात. पट्टी वाकली की त्या रेघा ताणल्या जातात, लांब आणि बारीक होतात, आणि त्यांतून वीज वाहण्यास होणारा विरोध किंचित वाढतो. तो फरक मोजून त्याचे ग्रॅम केले जातात. म्हणजे काटा प्रत्यक्षात वजन मोजीतच नाही, तो वाकणे मोजतो.

दुपारी ऊन मांडवाच्या कडेने आत आले आणि थेट त्या काट्यावर पडू लागले. ताटली रिकामी असताना पडद्यावर १२ ग्रॅम दिसू लागले, मग १८. समोर उभे असलेले एक गृहस्थ हसून म्हणाले, "व्यापाऱ्याची पोर दिसते! रिकाम्या पारड्यालाही वजन!" आजूबाजूचे लोकही हसले.

वाचकहो, ते वाक्य मला फार लागले. खोटे माप हा आपल्याकडे अचौर्य अणुव्रताचा अतिचार मानला आहे. तागडीच्या काळात पासंग धरला आहे का, हे माझे वडील रोज सकाळी दुकान उघडताना पाहत. त्यांच्या पणतीच्या काट्याला लोक हसत होते. मी पुढे होऊन पुटपुटलो, "बंद कर ते. झाकून ठेव."

ती म्हणाली, "थांबा दादाजी. तो खोटे बोलत नाही. त्याला ऊन लागते आहे."

तिने पुठ्ठ्याचा आडोसा केला. तापल्यामुळे धातू प्रसरण पावतो आणि त्या बारीक रेघांचा विरोधही बदलतो, म्हणून आकडा सरकतो, हे हसणाऱ्या गृहस्थांनाच तिने सांगितले. पट्टी निवेपर्यंत ती थांबली. मग बटण दाबून आकडा शून्यावर आणला. "आता खात्री करू. दादाजी, पाच रुपयांची नाणी आहेत का?" २०११ सालच्या मालिकेतील पाच रुपयांचे नाणे ६ ग्रॅमचे असते, हे मला तिच्याकडूनच कळले. माझ्या बटव्यातून तशी १० नाणी निवडून तिने ताटलीत ठेवली. पडद्यावर ६१ आले. "एक ग्रॅमची चूक आहे," असे म्हणून तिने ती वहीत लिहिली. ते गृहस्थ आता हसत नव्हते. त्यांनी टोपी काढून बाजूला ठेवली आणि पट्टीला हात लावून पाहण्याची परवानगी मागितली.

मी ती वही पाहिली. तारीख, वेळ, रिकाम्या ताटलीचा आकडा, काय बिघडले, काय केले. "वायर सैल होती." "पट्टी उलटी बसवली." "कारण कळले नाही." पानेच्या पाने चुकांनी भरली होती. आमच्या रोजमेळात जमा आणि नावे दोन्ही लिहितात आणि तोटा लपविणारी वही आम्ही खोटी मानतो. प्रतिक्रमणातही दिवसभराचे दोष आठवूनच पुढे जायचे असते. मग मुलांच्या हातून घडलेली मोडतोड आपण नुसताच तोटा का समजतो? दोन वर्षांपूर्वी मी काट्याचे सील तुटल्याचा खर्च मांडला. एका मुलीची जिज्ञासा दोन वर्षे मिटून राहिली, हा खर्च मात्र कोठेच लिहिला नव्हता.

खोलणे आणि घडविणे हे आपले काम नाही, असे मी म्हणालो होतो. ते चूक होते, हे आपल्याच समाजाचा इतिहास सांगतो. सोलापूरच्या व्यापारी जैन घराण्यात १८८२ साली जन्मलेल्या वालचंद हिराचंद यांनी १९४० साली बेंगळुरूला विमानांचा कारखाना उभारला आणि जहाजे व मोटारी देशातच बांधण्याचा ध्यास घेतला. अहमदाबादच्या गिरणीमालक जैन कुटुंबातील विक्रम साराभाई यांनी १९४७ साली भौतिक संशोधन प्रयोगशाळा सुरू केली. मुलांनी स्वतःच्या हातांनी प्रयोग करावेत, यासाठी अहमदाबादेत त्यांनी उभे केलेले विज्ञान केंद्र आज त्यांच्याच नावाने ओळखले जाते. या दोघांनीही घराण्याचा व्यवहारी स्वभाव सोडला नव्हता. त्याला घडविण्याची जोड दिली होती.

म्हणून माझी नम्र विनंती आहे. पुढील २८ फेब्रुवारीला दुकान एक दिवस दुसऱ्यावर सोपवा आणि मुलामुलींना खोडदला घेऊन जा. मुंबईकरांना वरळीचे नेहरू विज्ञान केंद्र जवळ आहे. पुण्यात विद्यापीठाच्या आवारातील आयुका संस्थेची मुक्तांगण विज्ञान शोधिका आहे. घरात एक खण असा ठेवा, की ज्यातील बिघडलेल्या वस्तू मुलांनी निर्धास्तपणे उघडाव्यात. वीज जोडलेली नसावी आणि मोठे माणूस शेजारी असावे, एवढेच पथ्य पाळावे. ज्ञानदानाचा संकल्प करणाऱ्यांनी वह्यांबरोबर गावातील शाळेला पक्कड, स्क्रूड्रायव्हर, लोडसेल आणि एखादा सूक्ष्मदर्शकही द्यावा.

सूर्यास्तापूर्वी जेवण व्हावे म्हणून आम्ही खोडदहून लवकर निघालो. परतीच्या वाटेवर मी नातीला म्हणालो, "त्या दिवशी मी रागावलो, ते चुकले." ती खिडकीबाहेर पाहत राहिली. थोड्या वेळाने म्हणाली, "सील तुटते ते मला माहीत नव्हते, दादाजी. माझेही चुकले."

दुसऱ्या दिवशी गोदामातून वापरात नसलेला जुना काटा काढला आणि स्क्रूड्रायव्हरसह तिच्यापुढे ठेवला. दुकानातील चालू काट्याला हात लावायचा नाही, ही अट घातली. तिनेही एक अट घातली: "तुम्ही शेजारी बसायचे." मी बसलो. चार स्क्रू निघाले, झाकण उचलले गेले आणि आत धुळीने माखलेली, बोटाएवढी ॲल्युमिनियमची पट्टी दिसली. हिच्याच भरवशावर मी इतकी वर्षे लोकांना धान्य मोजून दिले होते. चष्मा पुसून मी ती प्रथमच नीट पाहिली.

जय जिनेंद्र.