उपवास, आडनाव आणि माणसाचे वेगळेपण

माणूस म्हणजे हत्यार बनवणारा प्राणी, अशी व्याख्या कित्येक वर्षे प्रमाण मानली जात होती. १९६० साली आफ्रिकेतील गोम्बेच्या जंगलात जेन गुडाल यांना एक चिंपांझी दिसला. डहाळीची पाने ओरबाडून तो ती वारुळात घालत होता आणि तिला चिकटलेली वाळवी चाटून खात होता. व्याख्या तिथेच मोडली. पुढे न्यू कॅलेडोनिया बेटावरचे कावळेही काटक्यांना बाक देऊन झाडातल्या अळ्या ओढून काढतात, हे दिसले.

मग माणसाकडे वेगळे असे काय उरले? अमेरिकेतील ओहायो राज्य विद्यापीठात सारा बॉयसन यांनी केलेला एक प्रयोग या प्रश्नावर चांगला प्रकाश टाकतो. शीबा नावाच्या चिंपांझी मादीला त्यांनी अंक शिकवले होते. तिच्यासमोर खाऊच्या दोन थाळ्या ठेवल्या जात. एकीत कमी, दुसरीत जास्त. नियम मात्र उलटा. ज्या थाळीकडे ती बोट दाखवील ती दुसऱ्या चिंपांझीला आणि उरलेली तिला. म्हणजे लहान थाळी दाखवली की मोठी आपली. पण शीबाचे बोट वारंवार मोठ्या थाळीकडेच जाई आणि तिच्या वाट्याला थोडेच येई. मग थाळ्यांत खाऊऐवजी अंक ठेवले. तीच शीबा आता लहान अंक निवडू लागली. पुन्हा खाऊ ठेवताच पुन्हा तीच चूक.

अक्कल तिच्याकडे होती; खाऊ दिसला की ती चालेनाशी होई. अंकाने हाव आणि हात यांच्यात थोडे अंतर पाडले. तीन वर्षांच्या मुलांनाही असा उलटा नियम जड जातो. चौथ्या-पाचव्या वर्षी ती सावरू लागतात.

शीबाला अंक माणसाने दिले. माणूस मात्र आपली चिन्हे स्वतः घडवत आला. दक्षिण आफ्रिकेतील ब्लॉम्बोस गुहेत सुमारे ७५,००० वर्षांपूर्वीचे गेरूचे तुकडे सापडले, त्यांवर आडव्यातिडव्या रेघा कोरलेल्या. तिथेच शिंपल्यांचे भोक पाडलेले मणीही मिळाले. मण्यांनी पोट भरत नाही. ते घालणारा कोण आणि कुणाचा, हे पाहणाऱ्याला सांगण्याचे काम ते करतात.

सब्र या शब्दाकडे या अंगानेही पाहता येते. रमजानमध्ये तहानलेल्या रोजेदारासमोर पाण्याचा पेला असतो, पण हात पुढे जात नाही. त्याला अडवणारी भिंत नसते. असते ती चंद्राची तारीख, घड्याळातले मिनिट, अजानचा आवाज. एकादशीचा वारकरी, पर्युषणातला जैन आणि लेंट पाळणारा ख्रिस्ती याच बळावर भूक थोपवतात. समोरच्या अन्नापेक्षा न दिसणारा अर्थ मोठा मानणे माणसाला ज्या प्रमाणात साधले, तसे दुसऱ्या कोणत्याही प्राण्यात दिसत नाही.

पण याच ताकदीची दुसरी बाजू विसरून चालणार नाही. चिन्ह जसे माणसाला हावेपासून दूर नेते, तसेच शेजाऱ्यापासूनही दूर नेऊ शकते. समोर हाडामांसाचा माणूस उभा असतो आणि पाहणाऱ्याला दिसते ते आडनाव, टोपी, टिळा, झेंड्याचा रंग. परक्या टोळीचा राग माणसाने शोधून काढलेला नाही. गोम्बेतच १९७४ ते १९७८ या काळात एका गटाच्या चिंपांझींनी फुटून निघालेल्या शेजारी गटातले नर एकेक करून मारले. ते वैर ओळखीपाळखीच्या जनावरांमधले होते. कधीही न पाहिलेल्या माणसाचा केवळ नावावरून द्वेष करण्यासाठी मात्र चिन्हे लागतात आणि ती माणसाकडेच आहेत.

म्हणून वेगळेपणाचा नुसता अभिमान बाळगण्यात अर्थ नाही. हत्यारासारखेच चिन्हाचेही आहे, ते कशाला वापरले यावर सगळे ठरते. सर्वधर्मीय इफ्तारचे फोटो दरवर्षी छापून येतात आणि ते चांगलेच आहे. खरी कसोटी त्यानंतर लागते. ईद सरल्यावर भाड्याची खोली शोधत एखादे कुटुंब दारात येते. मोहल्ला कुठलाही असो, घरमालक कुठल्याही धर्माचा असो, पहिला प्रश्न बहुधा आडनावाचाच असतो. दिवसभर भूक थोपवू शकणाऱ्या माणसाला तेवढा एक प्रश्न ओठांवर थोपवणे अशक्य नाही.