काळोखाचे कौतुक

गेल्या पावसाळ्यात आमच्या नांदगावातील एका सुशिक्षित कुटुंबात चार तरुण पदवीधर एक जुना फ्रेंच बोलपट पाहावयास जमले होते. आम्हांसही अगत्याचे बोलावणे होते. बोलपट संपताच एका चिरंजीवांनी निकाल देऊन टाकला, "ह्याला म्हणतात वास्तव! आपल्याकडे त्या काळी नुसते संत आणि उपदेश." आम्ही विचारले, "प्रभातचे 'कुंकू' पाहिले आहे काय? 'माणूस'?" चौघांपैकी एकानेही पाहिले नव्हते. न पाहिलेल्या गोष्टीविषयीचे हे निर्णयधैर्य पाहूनच आम्ही लेखणी हाती घेतली आहे.

तो फ्रेंच बोलपट उत्तम आहे, ह्याविषयी आमचा वाद नाही. मार्सेल कार्ने ह्यांचा 'ल झूर स लेव्ह', म्हणजे 'दिवस उजाडतो', हा १९३९ सालचा. एक कामगार खून करतो, आपल्याच खोलीत स्वतःला कोंडून घेतो, रात्रभर गतायुष्य आठवीत बसतो आणि पहाटे स्वतःवर गोळी झाडतो. खोलीत अश्रुधूर पसरतो आणि नित्याप्रमाणे गजराचे घड्याळ वाजू लागते. ज्याँ गाबँ ह्यांची ती भूमिका विसरणे शक्य नाही. युद्धकाळात फ्रान्सच्या सत्ताधाऱ्यांनी ह्या बोलपटास मनोधैर्य खचविणारा ठरवून बंदी घातली. तो शुद्ध अविचार होता. कलेच्या काळोखावर बंदी घालून देशात उजेड पडत नसतो.

परंतु घड्याळाचेच कौतुक करावयाचे, तर दोन वर्षे मागे जावे. नारायण हरी आपटे ह्यांच्या 'न पटणारी गोष्ट' ह्या कादंबरीवरून व्ही. शांताराम ह्यांनी १९३७ साली 'कुंकू' काढला. केशवराव दाते ह्यांनी रंगविलेल्या वृद्ध वकील काकासाहेबांच्या घरातील घड्याळ त्यांच्या उरलेल्या आयुष्याचे ठोके मोजीत असते. पार्श्वसंगीत त्यात नाहीच. जे ऐकू येते ते त्या घरातले, त्या रस्त्यावरचे. बोलपटाने काय ऐकवावे आणि काय ऐकवू नये, हे पुण्यातील मंडळींना पॅरिसहून शिकावे लागले नव्हते.

"पण काकासाहेबही शेवटी आत्महत्याच करतात ना?" असे कोणी म्हणेल. करतात. भेद आहे तो ह्यापुढेच. फ्रेंच कामगारास नियतीने घेरले आहे. रात्र सरली तरी त्याला वाट नाही. 'कुंकू'तील काळोख मात्र माणसांनी केलेला आहे. फसवून लावलेला जरठविवाह, त्याला मान तुकविणारे नातलग आणि मुकाट राहिलेला समाज, हे त्याचे कर्ते. शांता आपटे ह्यांची नीरा नियतीशी भांडत नाही, ह्या माणसांशी भांडते. तिला मोकळे करावयास नवऱ्याला मरावे लागले, कारण मुंबई इलाख्यातील पांढरपेशा हिंदू स्त्रीला त्या वेळी कायद्याने घटस्फोट मिळत नव्हता. १९४७ साली इलाख्यात आणि १९५५ साली देशभर तो कायदा झाला. नियतीविरुद्ध कोणत्या विधिमंडळात ठराव मांडावयाचा?

'माणूस' तर कार्ने ह्यांच्या बोलपटाच्याच सालचा, १९३९ चा. शाहू मोडक ह्यांचा पोलीस शिपाई गणपत, शांता हुबळीकर ह्यांची वेश्या मैना. येथेही खून आहे, तुरुंग आहे, तुटलेले प्रेम आहे. मैनेला प्रतिष्ठित घराची पायरी चढवत नाही. ती पायरी कोणी उंच केली, हे प्रेक्षकाला पुरते समजते. शेवटी सर्व गमावलेला गणपत पुन्हा कामावर जातो. ह्याला कोणी उपदेश म्हणतात. आमच्या मते स्वतःवर गोळी झाडण्याहून हे अधिक कठीण वास्तव आहे. आपल्या घरांतून दुःख भोगलेली बहुतेक माणसे दुसऱ्या दिवशी कामावरच जात असतात.

परकीय कलेचा द्वेष आम्ही शिकवीत नाही; इंग्रजी वाङ्मयावर आयुष्यभर पोट भरलेल्या आम्हांस ते शोभणारही नाही. फ्रेंच बोलपट अवश्य पाहावेत. आमची तक्रार एवढीच की, निराशा म्हणजे खोली आणि आशा म्हणजे भाबडेपणा हे समीकरण कोणी सिद्ध केलेले नाही. ते आपण उसने घेतले आहे. दादासाहेब फाळके १८७० साली ज्या त्र्यंबकेश्वरी जन्मले, ते आमच्याच जिल्ह्यात. त्या जिल्ह्यातील तरुणांनी निदान दोन संध्याकाळ घरच्या चित्रांसाठी काढाव्यात, आणि मग निकाल द्यावा. तो आमच्याविरुद्ध गेला तरी आम्हांस मान्य आहे. न पाहता दिलेला मात्र नाही.