आयकॉन उघडत नाही म्हणून कॉम्प्युटर पुसू नका

मागच्या रविवारी शेजारच्या खाला घाईघाईने आल्या. "टीचर, आयकॉनवर कितीही क्लिक केलं तरी काही उघडत नाही. मुलगा म्हणतो, सगळं पुसून नव्याने टाकावं लागेल." त्यांचा जीव अडकला होता तो मरहूम अम्मींच्या आवाजात. खालांच्या मुलीने नानीच्या गोष्टी ऑडॅसिटीत रेकॉर्ड करून ठेवल्या होत्या.

मी म्हटलं, "खाला, काही पुसू देऊ नका. मी येते."

भगिनींनो, डेस्कटॉपवरचा आयकॉन म्हणजे सॉफ्टवेअर नव्हे. ती पत्त्याची चिठ्ठी आहे. घर बदललं आणि चिठ्ठीवर पत्ता जुनाच राहिला, तर पाहुणा पोहोचणार कसा? रेकॉर्डिंगच्या फाइली वेगळ्या असतात. आयकॉन बिघडला म्हणून त्या जात नाहीत.

ऑडॅसिटी विंडोज, मॅक आणि लिनक्स तिन्हींवर चालते. खालांकडे उबुंटू आहे. तिथे ती ॲपइमेज नावाच्या एकाच फाइलमध्ये मिळते. मुलाने सफाई करताना तीच फाइल डाउनलोड्समधून दुसऱ्या फोल्डरमध्ये हलवली होती.

तुमच्याकडे असं झालं तर या क्रमाने पाहा :

1. मूळ ॲपइमेज शोधून तिच्यावर डबल-क्लिक करा. उघडली, तर दोष फक्त आयकॉनचा. नाही उघडली, तर राइट-क्लिक करून प्रॉपर्टीजमध्ये ती प्रोग्रॅम म्हणून चालवायची परवानगी द्या. उबुंटू 22.04 पासून पुढे बऱ्याच ॲपइमेजना लागणारी लिबफ्यूज2 लायब्ररी वेगळी टाकावी लागते.

2. आयकॉनची फाइल टेक्स्ट एडिटरमध्ये उघडा. 'एक्झेक' या ओळीत बरोबरच्या चिन्हापुढे नवा पत्ता अगदी पहिल्या तिरप्या रेघेपासून पूर्ण लिहा. होम फोल्डरसाठी वापरतात ते नागमोडी चिन्ह इथे चालत नाही. पत्त्यात मोकळी जागा असेल, तर तो दुहेरी अवतरणचिन्हांत घाला.

3. सेव्ह करून आयकॉनवर राइट-क्लिक करा आणि 'अलाऊ लाँचिंग' निवडा.

विंडोजवर आयकॉनच्या प्रॉपर्टीजमधले 'टार्गेट' आणि 'स्टार्ट इन' हे रकाने तपासा.

खालांचं काम एका ओळीत झालं. नानींचा आवाज खोलीत घुमला, तशा खाला पदराने डोळे टिपू लागल्या. मुलगा मान खाली घालून उभा होता. त्याला मी एवढंच सांगितलं, "बेटा, आधी एयूपी3 फाइली पेनड्राइव्हवर उतरवून घे. सॉफ्टवेअर पुन्हा मिळेल, नानीचा आवाज नाही मिळायचा."