कॉमिक वाचायला घेताय की ठेवायला?

कॉमिक्सची आवड असलेल्या घरात हल्ली एक वाद हमखास असतो. एक म्हणतो, कागदाशिवाय मजा नाही. दुसरा म्हणतो, कपाटात जागा नाही आणि टॅबवर सगळं मिळतं. दोघांचंही खरं असतं, म्हणून वाद मिटत नाही.

तुम्ही त्या वादात पडू नका. कॉमिक घेताना दर वेळी एवढंच ठरवा, की हे वाचायला हवंय की ठेवायला?

वाचायला म्हणजे एकदा वाचून पुढच्याकडे वळायचं. ठेवायला म्हणजे पुन्हा पुन्हा काढायचं, मुलांच्या हातात द्यायचं, शेजारच्या पोराला उसनं द्यायचं. नुसतं वाचायचं असेल तर पडदा सोयीचा आणि बहुधा स्वस्त. ठेवायचं असेल तर कागदच घ्या. या दोन्हींची गल्लत झाली की पैसे वाया जातात.

पडद्यावर पैसे भरण्याआधी

पहिली गोष्ट नीट समजून घ्या. अ‍ॅपवर ‘विकत घ्या’ असं लिहिलेलं असतं. तुम्हाला मात्र बहुतेक वेळा फक्त वाचायची परवानगी मिळते. पुस्तक कंपनीच्याच ताब्यात राहतं. तुम्ही ते विकू शकत नाही, सहसा उसनं देऊ शकत नाही, आणि खातं मुलाच्या नावावर करून द्यायची सोयही बहुधा नसते.

अमेरिकेतल्या कॅलिफोर्निया राज्याने यासाठी कायदाच केला. २०२५ पासून तिथे डिजिटल वस्तू विकणाऱ्यांना हे ग्राहकाला स्पष्ट सांगावं लागतं. आपल्याकडे तुम्हीच अटी वाचायच्या.

पैसे देऊन घेतलेलं हातचं जाईल, ही भीती पोकळ नाही. जेमांगा नावाचं जपानी कॉमिक्सचं एक ऑनलाइन दुकान होतं. मे २०१३च्या अखेरीस ते बंद झालं, आणि वाचकांनी पैसे देऊन घेतलेली कॉमिक्सही दिसेनाशी झाली.

कॉमिक्सॉलॉजी हे तर या धंद्यातलं मोठं नाव. २०१४ मध्ये ते अ‍ॅमेझॉनने घेतलं, २०२२ मध्ये आपल्या किंडल या ई-बुक सेवेत मिसळलं आणि २०२३ च्या डिसेंबरात त्याचं वेगळं अ‍ॅप बंद केलं. घेतलेली कॉमिक्स किंडलमध्ये राहिली. पण ज्या सोयींसाठी लोक त्या दुकानात गेले होते, त्यातल्या बऱ्याच गेल्या. फेब्रुवारी २०२५ मध्ये किंडलवरचं पुस्तक आपल्या कॉम्प्युटरवर उतरवून ठेवायची सोयही काढून घेतली गेली.

म्हणून पैसे भरण्याआधी एवढं बघा.

एक. फाइल तुमच्याकडे राहते का? काही प्रकाशक पीडीएफ किंवा सीबीझेड फाइल देतात. सीबीझेड म्हणजे पानांच्या चित्रांची झिप फाइल, दुसरं काही नाही. ती मिळत असेल तर निर्धास्त घ्या आणि दोन ठिकाणी ठेवा.

दोन. वर्गणी आपोआप पुढे चालू राहते का? महिन्याची वर्गणी थोडी वाटते. वर्षाचा हिशेब करा आणि वर्षभरात खरंच किती वाचून होईल ते बघा. नको असेल तर आपोआप पैसे कापायची परवानगी आधीच बंद करा.

तीन. मराठीत आहे का? अ‍ॅपवर इंग्रजीत शेकडो अंक असले, म्हणून मराठीत तितकेच असतील असं नाही. भाषेची यादी आधी उघडून बघा.

चार. फुकट काय मिळतं ते बघा. बालभारतीचं ‘किशोर’ मासिक १९७१ पासून निघतंय. त्याचे जुने अंक बालभारतीनेच इंटरनेटवर मोफत दिले आहेत. जपानी मांगा आवडत असेल, तर शुएशा या मूळ प्रकाशकाचं ‘मांगा प्लस’ हे अ‍ॅप २०१९ पासून आहे. त्यावर नव्या मालिकांची ताजी प्रकरणं फुकट वाचता येतात. पैसे काढण्याआधी हे वाचून संपवा.

पडदा कोणता?

फोनवर कॉमिक वाचायला बसलात तर लवकर कंटाळाल. कॉमिकचं पान फोनपेक्षा खूप मोठं असतं. संवादाचे फुगे वाचायचे तर चित्र मोठं करावं लागतं, आणि मोठं केलं की पान निसटतं. काही अ‍ॅप एकेक चौकट पुढे सरकवतात. प्रवासात ते बरं पडतं.

पण त्यात एक गोष्ट हरवते. चित्रकार पूर्ण पान डोळ्यांसमोर ठेवून चौकटी मांडतो. उजव्या पानाच्या तळाशी उत्सुकता ताणतो आणि पान उलटलं की धक्का देतो. दोन पानांवर पसरलेलं युद्धाचं दृश्य तो मुद्दाम तसं काढतो. चौकटी सुट्या झाल्या की ही सगळी मेहनत तुमच्यापर्यंत पोचत नाही.

रंगीत कॉमिक्ससाठी दहा इंचांच्या आसपासचा टॅब घ्या. कृष्णधवल मांगाचं पुस्तक आकारानेच लहान असतं, त्यामुळे ते सात इंची ई-रीडरवरही नीट वाचता येतं. फक्त ते उजवीकडून डावीकडे वाचायचं, हे नव्या वाचकाला आधीच सांगा.

जुनी कॉमिक्स पडद्यावर कधी कधी भडक दिसतात. त्यांचे रंग मळकट कागद धरून ठरवलेले होते. पडद्याचा उजेड कमी करा, रंग बरेच शांत होतील.

घरात मूल असेल तर अंक आधी उतरवून घ्या, मग इंटरनेट बंद करून टॅब त्याच्या हातात द्या. नाहीतर कॉमिकची दोन पानं होतात आणि मूल व्हिडिओकडे वळतं.

पडद्याचे फायदेही मोकळ्या मनाने मान्य करा. आजोबांना अक्षर मोठं करून वाचता येतं. दोन खोल्यांच्या घरात शंभर अंक टॅबमध्ये मावतात. दुबईत किंवा न्यू जर्सीत राहणाऱ्या तुमच्या भाच्याला पार्सलचा खर्च न करता त्याच दिवशी वाचायला मिळतं. हे काही थोडं नाही.

कागद घेतलात तर सांभाळा

कागदावरचं कॉमिक तुमचं खरं, पण हवा, ओल आणि किडे त्याच्या मागे लागलेले असतात. जुनी कॉमिक्स स्वस्त कागदावर छापली जात. त्या कागदात लाकडातला लिग्निन नावाचा घटक राहून जातो. उजेड आणि हवा लागली की तो पिवळा पडतो आणि कागद ठिसूळ होतो. हे पूर्ण थांबवता येत नाही. लांबवता मात्र नक्की येतं.

जागा आधी बदला. बाहेरच्या भिंतीला लागून, जमिनीवर, स्वयंपाकघराजवळ किंवा तापणाऱ्या पत्र्याखालच्या माळ्यावर कॉमिक्स ठेवू नका. घरातलं आतलं, कोरडं कपाट त्यांना द्या. ऊन थेट पडणार नाही असं बघा.

रबरबँड काढा. तो वितळून चिकटतो आणि कडा कापतो. फाटलेल्या पानाला साधी चिकटपट्टी लावू नका, काही वर्षांत तिचा तपकिरी डाग उरतो. लॅमिनेशन तर करूच नका. ते पुन्हा काढता येत नाही. गुंडाळायला वर्तमानपत्र नको. तो कागदही त्याच जातीचा.

जपायचा अंक पॉलिप्रॉपिलीनच्या स्वच्छ, पारदर्शक पिशवीत ठेवा आणि मागे कडक पुठ्ठा घाला. आम्लमुक्त पुठ्ठा मिळाला तर उत्तम. मऊ, वासाचं प्लास्टिक टाळा. अंक ओलसर असताना पिशवी बंद करू नका. आधी पंख्याखाली सुकू द्या.

पावसाळ्यात कपाटात सिलिका जेलच्या पुड्या ठेवा. कोकणात, मुंबईत आणि गोव्यात हे हवंच. पाऊस संपून हवा कोरडी झाली की सगळे अंक एकदा बाहेर काढा आणि सावलीत वारा द्या. त्याच वेळी पिना बघा. पिन गंजली असेल तर गंज पानात उतरतो. हात सराईत असेल तर ती हलकेच काढा आणि पानं दोऱ्याने सैल टाचा.

कसर आणि झुरळांसाठी कागदावर औषध फवारू नका. कपाट रिकामं करून ते झाडा-पुसा. कडुनिंबाचा वाळलेला पाला कापडी पुरचुंडीत ठेवायची जुनी पद्धत आहे. ती जरूर पाळा, पण तेवढ्यावर विसंबू नका. डांबराच्या गोळ्या लहान मुलांच्या हाताला लागतील अशा ठेवू नका, त्या विषारी असतात. वाळवी दिसली तर पुस्तकं आधी दुसऱ्या खोलीत हलवा आणि मग माणूस बोलवा.

रद्दीत टाकण्याआधी

दिवाळीची साफसफाई आली की पहिला बळी जुन्या गठ्ठ्याचा जातो. जरा थांबा.

टाइम्स ऑफ इंडियाच्या प्रकाशकांनी १९६४ मध्ये इंद्रजाल कॉमिक्स सुरू केली. वेताळ आणि मॅन्ड्रेक मराठी घरांत आले ते या अंकांतून. आबिद सुरती यांचा बहादूर १९७६ पासून त्यातच आला. १९९० मध्ये ती बंद झाली. अनंत पै यांनी १९६७ मध्ये ‘अमर चित्र कथा’ सुरू केली आणि १९८० मध्ये ‘टिंकल’. राम वाईरकरांच्या चित्रांचा ‘कृष्ण’ कितीतरी घरांत मुलांनी वाचून वाचून खिळखिळा केला.

‘अमर चित्र कथा’ अजून छापली जाते, त्यामुळे तिचा फाटका अंक बदलता येतो. इंद्रजालचा मराठी अंक एकदा रद्दीत गेला, की दुकानात जाऊन पुन्हा आणता येत नाही. म्हणून गठ्ठ्याचे दोन भाग करा. जे पुन्हा मिळतं ते पोरांना खुशाल हाताळू द्या. जे मिळत नाही ते जपा.

न मिळणाऱ्या अंकांचे फोटो काढून ठेवा. खिडकीजवळ, ऊन न येणाऱ्या उजेडात, पान फार न दाबता. मुखपृष्ठापासून मलपृष्ठापर्यंत सगळी पानं घ्या, जाहिरातीसुद्धा. फाइलला नाव आणि अंकाचा क्रमांक द्या. एक प्रत घरात ठेवा, एक दुसरीकडे. ही प्रत तुमच्या स्वतःच्या वाचनापुरती. ती ग्रुपवर वाटू नका. अंक जुना झाला म्हणून त्याचा हक्क संपत नाही. आपल्या कायद्यात तो सहसा लेखकाच्या मृत्यूनंतर साठ वर्षं चालतो.

फुकट स्कॅनच्या मागे लागून अनोळखी एपीके फाइल फोनमध्ये घालू नका. त्याच फोनमध्ये तुमचं बँकेचं अ‍ॅप असतं.

जुनं विकताना आणि घेताना

घेणार असाल तर मुखपृष्ठ, मागची बाजू, मधलं पान आणि पिना यांचे फोटो मागा. पानं मोजून घ्यायला सांगा. अंक मूळ छपाईचा आहे की पुनर्मुद्रण, हे विचारा. शक्य असेल तर समोर बघूनच घ्या. मुंबईत फ्लोरा फाउंटनजवळचा किंवा माटुंग्याच्या किंग्ज सर्कलचा फुटपाथ, पुण्यात अप्पा बळवंत चौक, इथे हिंडलात तर हाताळून, वास घेऊन ठरवता येईल. कुबट वास आला तर सोडून द्या. तो अंक तुमच्या बाकीच्या अंकांनाही बुरशी लावेल.

विकणार असाल तर घाई करू नका. दोन-तीन जणांना भाव विचारा. आणि एक कायम लक्षात ठेवा. पैसे घेण्यासाठी यूपीआयचा पिन कधीच टाकावा लागत नाही. कुणी पिन टाका म्हणालं, तर तो तुमच्याच खात्यातून पैसे काढतोय.

आता काय कराल?

या महिन्यात कॉमिक्सवर जे खर्च करणार असाल, त्याचे आधीच दोन वाटे करा. मोठा वाटा ठेवायच्या कागदासाठी. लहान वाटा वाचायच्या पडद्यासाठी. नवी मालिका आधी पडद्यावर चाखा. मन लागलं आणि पुन्हा वाचावीशी वाटली, तर तिचं पुस्तक घ्या. नाही लागलं तर वर्गणी त्याच दिवशी बंद करा.

मराठी कॉमिक दिसलं तर मात्र फार तोलत बसू नका. ती मुळातच कमी निघतात. कागदावर असो की पडद्यावर, पैसे देऊन घ्या. विकली गेली तरच काढणारा पुढचा अंक काढेल.