पंधराव्या वर्षी सुरुवात

‘मुलगा दहावीत गेला, आता कसला खेळ शिकणार?’ असे म्हणणारे पालक आपल्याला घरोघरी भेटतात. त्यांनी हकीम ओलाजुवान याची कारकीर्द जरूर पाहावी.

१९६३ साली नायजेरियातील लागोस शहरात त्याचा जन्म झाला. आईवडिलांचा सिमेंटचा व्यवसाय होता. लहानपणी हकीम हँडबॉल खेळे आणि फुटबॉलमध्ये गोल राखी. बास्केटबॉल त्याच्या हाती आला तो वयाच्या पंधराव्या वर्षाच्या सुमारास. पण आधीचे खेळ वाया गेले नाहीत. गोल राखताना पायांना लागलेली चपळाई सुमारे सात फूट उंचीच्या या खेळाडूला जन्मभर पुरली. एकीकडे वळल्याची हूल देऊन तो दुसरीकडून बास्केट करी आणि प्रतिस्पर्धी पाहतच राही.

१९८० मध्ये तो अमेरिकेत ह्यूस्टन विद्यापीठात शिकायला गेला. १९८४ मध्ये ह्यूस्टन रॉकेट्स या व्यावसायिक संघाने नव्या खेळाडूंतून सर्वांत आधी त्याला निवडले. त्या वर्षी मायकेल जॉर्डनचा क्रमांक तिसरा होता!

तरीही विजेतेपद लवकर मिळाले नाही. १९८६ मध्ये अंतिम फेरीत बोस्टनकडून हार झाली. पुढची काही वर्षे निराशेत गेली. १९९२ मध्ये दुखापतीवरून संघचालकांशी वाद इतका विकोपाला गेला, की तो संघ सोडायला निघाला. अखेर समेट झाला आणि तो थांबला.

त्याचे फळ १९९४ मध्ये मिळाले. न्यूयॉर्कविरुद्ध सहाव्या सामन्यात अगदी शेवटच्या क्षणी प्रतिस्पर्ध्याचा फटका त्याने बोटांनी अडवला आणि रॉकेट्स दोन गुणांनी जिंकले. सातवा सामनाही जिंकून त्यांनी विजेतेपद पटकावले. १९९५ मध्ये गटात सहाव्या क्रमांकावर असूनही संघाने ते राखले. त्याच वर्षी रमजानचे रोजे पाळत, दिवसा पाण्याचा थेंबही न घेता खेळून, तो फेब्रुवारीचा सर्वोत्तम खेळाडू ठरला होता.

२००२ मध्ये निवृत्त होताना ३,८३० फटके अडवल्याचा विक्रम त्याच्या नावावर होता. दुसऱ्याचा चेंडू अडवण्याची ही सवय मूळची गोलरक्षकाचीच! तेव्हा आपला मुलगा आज एक खेळ सोडून दुसऱ्याकडे वळला, तर ‘धरसोड करतो’ म्हणून लगेच रागावू नका. पहिल्या खेळातले काय त्याच्या अंगी मुरले आहे, ते आधी पाहा.