बिनपाण्याची हजामत नको!

शीर्षक वाचून लगेच पान उलटू नका. मॅगझिनच्या मराठी विभागासाठी लेख मागितला की आपल्याकडे तीन-चार विषय ठरलेले असतात. पहिला पाऊस, मैत्री, मेसचं जेवण आणि 'आम्ही इंजिनियर का झालो?' या सगळ्यावर माझे मित्र माझ्यापेक्षा बरं लिहितात. म्हणून मी लिहिणार आहे दाढीवर. अजून नेमकं सांगायचं तर दाढी करण्याआधी चेहऱ्यावर ठेवायच्या गरम, ओल्या टॉवेलवर. मुलींनीही वाचायला हरकत नाही. घरात बाबा आहेत, भाऊ आहे, आजोबा आहेत... सांगायला उपयोगी पडेल.

व्हायवाच्या दिवशी सकाळी हॉस्टेलच्या बेसिनपाशी जाऊन उभे राहा. साडेआठला एक्स्टर्नल येणार असतात आणि सव्वाआठला आमचे वीर उठतात. नळाचं गार पाणी गालावर मारायचं, डब्यातला फोम फासायचा आणि दहाव्या सेकंदाला रेझर चालू! मग हनुवटीवर वर्तमानपत्राचे दोन कपटे चिकटवून, लालभडक गळा घेऊन साहेब लॅबमध्ये हजर. मार्क जातात ते वेगळेच. आणि दोष कुणाला? ब्लेडला. मग पुढच्या महिन्यात तीन ब्लेडवालं जाऊन पाच ब्लेडवालं येतं. गळा तसाच लाल!

मराठीत एक वाक्प्रचार आहे, 'बिनपाण्याने हजामत करणे'. आमच्या कॉन्व्हेंटमध्ये मराठी म्हणजे टाइमटेबलमधला एक कोपरा, त्यामुळे हा वाक्प्रचार मला पुस्तकातून मिळाला नाही, आजीच्या तोंडून मिळाला. कुणाला चारचौघांत झाडलं की ती म्हणायची, "चांगली बिनपाण्याने केली त्याची!" आता बघा, माणसाचे हाल सांगायला भाषेने बोथट वस्तरा निवडला नाही. तिने फक्त पाणी काढून घेतलं. हत्यार कितीही चांगलं असो, पाणी नसेल तर हाल ठरलेलेच, हे आपल्या माणसांना केव्हाच कळलं होतं. माझं सगळं म्हणणं या तीन शब्दांत आहे. पण आपण पडलो इंजिनियर! सिद्ध केल्याशिवाय चैन पडत नाही.

केस केराटिन नावाच्या प्रोटीनचा बनलेला असतो. त्याच्या साखळ्या काही पक्क्या बंधांनी बांधलेल्या असतात आणि असंख्य हायड्रोजन बाँड्सनी. पक्के बंध पाण्याला दाद देत नाहीत, पण हायड्रोजन बाँड पाण्याने सुटतात. चांगला भिजलेला केस स्वतःच्या वजनाच्या साधारण 30 टक्के पाणी पितो, फुगतो आणि मऊ होतो. मग त्याला कापायला जोर कमी लागतो. फक्त हे काम दहा सेकंदांत होत नाही. दोन-तीन मिनिटं द्यावीच लागतात. त्यात दाढीच्या केसावर त्वचेच्या तेलाचा थर असतो, तो पाण्याला आत शिरू देत नाही. उष्णतेने हा थर सैल होतो आणि पाणीही लवकर मुरतं.

म्हणजे टॉवेल काय करतो? गालावर मारलेलं पाणी दोन सेकंदांत ओघळून शर्टावर येतं. टॉवेल ते पाणी जागेवर धरून ठेवतो, त्याला ऊब देतो आणि आपल्याला तीन मिनिटं गप्प बसवतो. पाणी, ऊब आणि वेळ, बस्स. 'गरम टॉवेलने रोमछिद्रं उघडतात आणि गार पाण्याने बंद होतात' असं जे सगळे सांगतात, त्यात तथ्य नाही. रोमछिद्राला दार नसतं आणि ते उघडायला स्नायूही नसतो. पण कारण चुकीचं सांगितलं म्हणून कृती चुकीची ठरत नाही.

कुणी म्हणेल, केस केवढासा आणि ब्लेड स्टीलचं, एवढं काय त्याचं? त्याचं उत्तर 2020 मध्ये 'सायन्स' या जर्नलमध्ये आलं आहे. एमआयटीच्या जियानलुका रोशोली आणि त्याच्या सहकाऱ्यांनी ब्लेड बोथट का होतं ते शोधलं. त्यासाठी या गृहस्थाने चक्क स्वतःची दाढी करून ब्लेड इलेक्ट्रॉन मायक्रोस्कोपखाली धरलं. केस स्टीलपेक्षा सुमारे 50 पट मऊ असतो, तरीही धारेचे बारीक बारीक तुकडे उडालेले दिसले. कारण असं की स्टीलची अंतर्गत रचना सगळीकडे सारखी नसते. केस वाकून तिरका येतो आणि धारेच्या नेमक्या कमजोर जागी ताण एकवटतो. मटेरियल सायन्समधलं 'स्ट्रेस कॉन्सन्ट्रेशन' आठवतंय ना? ते आपल्या गालावर रोज घडतं! यापुढचा निष्कर्ष माझा आहे. केस जितका ताठ, तितका धारेवर जोर जास्त. तेव्हा भिजवण्याची तीन मिनिटं गालासाठी आहेत तशीच ब्लेडसाठीही आहेत.

रेझर बनवणाऱ्यांनाही पाण्याचा हा धडा आपल्याच देशात मिळाला. जिलेटने 2002 मध्ये भारतासाठी व्हेक्टर नावाचं रेझर आणलं. त्याची चाचणी घेतली होती एमआयटीत शिकणाऱ्या भारतीय विद्यार्थ्यांवर. पोरं भारतीयच, दाढ्याही भारतीयच, पण बेसिन अमेरिकेतलं! तिथे नळाला धो-धो पाणी. इथे मात्र अनेक घरांत माणूस वाटीभर पाणी घेऊन दाढी करतो. त्या वाटीत बुडवून रेझर साफ होईना, केस अडकायला लागले. मग कंपनीच्या लोकांनी भारतातल्या घरांत जाऊन, लोक दाढी कशी करतात ते बसून पाहिलं. 2010 मध्ये गार्ड नावाचं रेझर आलं. एकच ब्लेड, तेव्हाची किंमत 15 रुपये आणि नवं ब्लेड 5 रुपयांना. पाच ब्लेडचं फ्यूजन 2006 मध्येच निघालेलं होतं, पण इथला प्रश्न ब्लेड वाढवून सुटणारा नव्हताच. तो पाण्यापाशी अडला होता.

पाण्याचा विषय निघाला की आमच्या फ्लोअरवरची लातूरची मंडळी माझ्यावर तुटून पडतात. "तुमचे गरम टॉवेलचे चोचले चालू देत, आम्ही 2016 मध्ये रेल्वेने आलेलं पाणी प्यायलोय!" अगदी बरोबर. म्हणून तर टॉवेल! बेसिनचा नळ मिनिटाला सहा लिटरने सोडला तर तीन मिनिटांत 18 लिटर पाणी गटारात जातं. नॅपकिन भिजवायला अर्धा लिटर, म्हणजे एक तांब्या पुरतो. गरम टॉवेल ही मला चैन वाटत नाही, काटकसर वाटते.

पण बाजाराने तिची चैन करून ठेवली आहे. मॉलमधल्या सलूनच्या रेटकार्डवर साधी शेव्ह वेगळी आणि 'हॉट टॉवेल शेव्ह' वेगळी. पैसे दुप्पट, सोबत मंद दिवे आणि इंग्रजी गाणी. जी गोष्ट पायरी नंबर एक असायला हवी, ती वरच्या साजासारखी विकायची! इकडे गावातला जुना कारागीर धोकटी घेऊन समोर बसायचा आणि वाटीतलं पाणी तळहाताने गालावर चोळत राहायचा. साबण नंतर, वस्तरा त्याच्याही नंतर. केराटिन हा शब्द त्याला कुणी शिकवला नव्हता, पण केस भिजल्याचं त्याच्या बोटांना कळायचं. आपण मात्र 'अडाणी पद्धत' म्हणून मोकळे होतो.

आणि आता सलूनमध्ये ते पाणी चोळणं का होत नाही? दोष पुन्हा आपलाच. खुर्चीत बसल्या बसल्या आपणच म्हणतो, "दादा, पटकन. लेक्चर आहे." दादाला पैसे दाढीमागे मिळतात, मिनिटामागे नाही. त्याने तीन मिनिटं वाचवली तर त्याचं काय चुकलं? माझं मत असं की खुर्चीत बसल्यावर आपण उलट सांगावं, "दादा, आधी नीट भिजवा, मला घाई नाही." आणि त्या वेळेचे दहा रुपये जास्त द्यावेत. कॅन्टीनमध्ये तेवढे आपण एका कटिंगवर घालवतो.

हे मला एवढं ठामपणे वाटतं त्याला कारण आहे. माझ्या आजोबांना अर्धांगाचा झटका आला, तेव्हापासून त्यांची दाढी करायला एक काका घरी येतात. आजोबांची त्वचा कागदासारखी झाली आहे आणि रक्त पातळ करणाऱ्या गोळ्या चालू आहेत, म्हणजे जरासं कापलं तरी रक्त लवकर थांबत नाही. काका आधी कोमट पाण्यात नॅपकिन पिळतात, स्वतःच्या गालाला लावून बघतात आणि मग आजोबांच्या चेहऱ्यावर ठेवतात. आजोबांना बोलता येत नाही, पण नॅपकिन ठेवला की ते डोळे मिटतात. त्यानंतर दहा मिनिटं कुणी काही बोलत नाही. ज्याला 'दुखतंय' म्हणूनही सांगता येत नाही, त्याच्यासाठी ती तीन मिनिटं म्हणजे काय, ते रेटकार्डवर लिहिता येणार नाही.

आता दुसरी बाजू, आणि ही तितकीच महत्त्वाची. गरम टॉवेल चांगला, पण दुसऱ्याचा टॉवेल वाईट! गेल्या काही वर्षांत भारतात गजकर्णाचा एक फार चिवट प्रकार पसरला आहे. त्या बुरशीचं नावच 'ट्रायकोफायटॉन इंडोटिनी', म्हणजे नावातच इंडिया. नेहमीच्या टर्बिनाफिन या औषधाला ती अनेकदा जुमानत नाही. गजकर्ण पसरतं कसं? अंगाला अंग लागून आणि एकमेकांचे कपडे, टॉवेल वापरून. हॉस्टेलमध्ये 'अरे, तुझा टॉवेल दे ना' हे वाक्य दिवसातून किती वेळा ऐकू येतं ते तुम्हीच मोजा. सलूनमध्ये टॉवेल वाफेच्या पेटीतून निघाला म्हणजे स्वच्छ झाला असं समजू नका. तो आधी 60 अंशांच्या तरी पाण्यात धुतलेला आणि पूर्ण वाळवलेला हवा. खात्री नसेल तर स्वतःचा नॅपकिन घेऊन जा, त्यात लाज कसली? आणि वस्तऱ्यात नवं ब्लेड डोळ्यांसमोर घालून घ्या. हेपटायटिस बी दुसऱ्याच्या ब्लेडवरून येऊ शकतो.

तर मग कृती ऐका. पाणी चेहऱ्याला सोसेल एवढंच गरम घ्या, मनगटाच्या आतल्या बाजूला लावून बघा. 60 अंशांचं पाणी काही सेकंदांत भाजतं, तिथे मर्दपणा दाखवू नका. बादलीत रॉड लावत असाल तर बटन बंद करून प्लग काढल्याशिवाय पाण्याला हात लावायचा नाही, यात चर्चा नाही. नॅपकिन भिजवा, थेंब गळणार नाही एवढाच पिळा, आणि नाक मोकळं ठेवून गुंडाळा.

आता थोडं हीट ट्रान्सफर. नॅपकिनमध्ये 200 ग्रॅम पाणी 45 अंशांवर आहे असं धरा. ते 37 वर येईपर्यंत जेमतेम पावणेसात किलोज्यूल उष्णता जाते. एवढी उष्णता बाहेरच्या बाजूने तीन ग्रॅमपेक्षा कमी पाण्याची वाफ झाली तरी निघून जाते. म्हणून एकेरी, उघडा नॅपकिन बघता बघता गार होतो. दोन-तीन घड्या घाला किंवा वरून सुका टॉवेल दाबा. सबमिशनसाठी पाठ केलेलं लेटंट हीट एकदा तरी कामाला येईल! नॅपकिन काढला की चेहरा पुसू नका, ओल्यावरच क्रीम लावा. फोमचं मुख्य काम ते पाणी धरून ठेवणं आणि ब्लेड घसरू देणं हेच आहे. कोमट पाण्याने आंघोळ करून लगेच दाढी केली तर टॉवेलही लागत नाही.

ज्यांचे केस कुरळे आहेत आणि दाढीनंतर पुटकुळ्या येतात, त्यांनी तर पाच ब्लेडच्या मोहात पडूच नये. त्या रेझरमध्ये पहिलं ब्लेड केस किंचित वर ओढतं आणि मागचं कापतं. याला चक्क 'हिस्टेरेसिस' म्हणतात! कापलेलं टोक त्वचेच्या खाली जातं आणि कुरळा केस वाढताना आतच वळतो. अशांना नीट भिजवून एका ब्लेडने, केसांच्या दिशेने केलेली दाढी बरी. चेहऱ्यावर पिकलेले पिंपल्स किंवा एक्झिमा असेल तर मात्र गरम टॉवेल राहू द्या आणि आधी डॉक्टरांना विचारा.

थोडक्यात काय, दुकानदार आपल्याला धार विकतो, कारण पाणी आणि वेळ पाकिटात भरून विकता येत नाही. पाच ब्लेडच्या कार्ट्रिजच्या पाकिटाला काही शे रुपये मोजून गळा लालच राहणार असेल, तर मग हजामत नक्की कशाची होते आहे? दाढीची की खिशाची? आणि तीही बिनपाण्याने!

या सेमिस्टरला कॅम्पस इंटरव्ह्यू आहेत. फॉर्मल्सना इस्त्री होईल, फाइल तयार होईल, बूट कुणाचे तरी उसने मिळतील. नॅपकिन मात्र स्वतःचा ठेवा, आणि अलार्म तीन मिनिटं आधीचा लावा. बघा पटतंय का!

— टी. ई. मेकॅनिकल